उरलेली फुंकर

“पडलीस तू,” नाना म्हणाले. “पुलाच्या कठड्यावर डोकं आपटलं आणि तलवार सुटून खाली दरीत गेली. शुद्ध नाही तुला.”

धाकटी खुर्चीत मागे रेलली आणि हसली. तिला पडण्याचीसुद्धा मौज वाटत होती. वीस बाजूंचा तो फासा तिने ओंजळीत खुळखुळवला आणि सगळ्यांच्या मधे मांडलेल्या फळीवर टाकला. आकडा लहान आला. खेळाचा नियम असा होता, की पडलेल्याने आपल्या पाळीला फासा टाकायचा आणि आकडा लहान आला की मरणाच्या दिशेने एक पायरी उतरायची. तीन पायऱ्या उतरला की तो संपला. मग वैद्यसुद्धा त्याला उठवू शकत नाही.

“एक पायरी,” नाना म्हणाले आणि त्यांनी मान वळवली. “थोरली, तुझी पाळी.”

सगळे थोरलीकडे बघू लागले. त्या बघण्यात काळजी नव्हती. हात धुवायला गेलेला माणूस नळाकडे बघतो तसं ते बघणं होतं. पाणी येणारच, यात विचार तो काय करायचा.

थोरली या खेळात वैद्यीण होती. नाना गोष्ट सांगत, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत. आपण काय करणार ते ज्याने त्याने सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. जखमी माणसाला उठवायची जी विद्या थोरलीकडे होती, तिला मास्तरीणबाईंनी ‘फुंकर’ असं नाव दिलं होतं. खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते तसली फुंकर, फक्त हिच्याने मोडलेली हाडंही जुळायची. एका लढाईत तीन फुंकरी. त्या दुपारी एक बेकरीवाल्यावर खर्च झाली होती, एक धाकटीवरच. एक उरली होती.

“संपल्या,” थोरली म्हणाली.

बेकरीवाल्याने विचारलं, नक्की का. ती म्हणाली, नक्की, मी ढाल घेऊन मागे थांबते. कोणी शंका घेतली नाही. इतक्या वर्षांत तिच्या फुंकरी तिच्याखेरीज कोणी मोजल्याच नव्हत्या. फक्त नानांनी तिच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. गोष्ट सांगणाऱ्याला सगळ्यांचा हिशेब ठेवावा लागतो.  मग त्यांनी पूल अडवून उभ्या असलेल्या दगडी राखणदाराला एक पाऊल पुढे टाकायला लावलं.

धाकटी दुसरी पायरी उतरली. मास्तरीणबाईंनी तिला पाय धरून ओढून काढायचा प्रयत्न केला, पण त्यांचा फासा फसला. पुन्हा धाकटीची पाळी आली तेव्हा ती आता हसत नव्हती. तिने फासा तोंडाशी नेला.

“ताईची नाही तर नाही. माझी मीच मारते,” ती म्हणाली, आणि फाशावर हळूच फुंकर घालून तिने तो टाकला.

आकडा सगळ्यांना दिसला. फासे उघड्यावर टाकायचे, कोणाच्या भल्यासाठीही लपवायचे नाहीत, हा नानांचाच नियम. “गेली,” ते म्हणाले.

आपल्याला बरं वाटेल असं थोरलीला वाटलं होतं. वाटलंही. फासा थांबेपर्यंत.

हा खेळ त्या घरात आला तो आई गेल्यावर. नानांचं, म्हणजे दोघी बहिणींच्या वडिलांचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, मागे एक खोली, वर घर. आई गेली आणि नाना बोलेनासे झाले. गिऱ्हाईक म्हणे, टाका सुटतोय, तर ते मान डोलावून मशीन ठेवून घेत आणि दोन दिवसांनी दुरुस्त करून देत. मध्ये शब्द नाही. दुपारी जेवायचं राहिलं तर राहिलं. आईची मैत्रीण समोरच राहायची, शाळेत शिकवायची, तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणत. तिने शाळेतून असल्या खेळाचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि नानांच्या पुढ्यात टाकलं. तिथली मोठी मुलं हा खेळ खेळायची. यात एकाला गोष्ट सांगावी लागते, ती म्हणाली, आणि आमच्यात गोष्ट येते ती तुम्हालाच. हे खोटं होतं, पण नानांनी पुस्तक उघडलं.

पहिल्या रविवारी माणसं वाटून घेताना मास्तरीणबाईंनी चोर घेतला. शाळेत कोणी दुसऱ्याची पेन्सिल उचलली तर तासभर उपदेश करणारी ही बाई खेळात कुलपं फोडायची आणि त्यात तिला लाज म्हणून वाटायची नाही. कोपऱ्यावरचा बेकरीवाला जादूगार झाला. आठवडाभर पाव करपू नये म्हणून भट्टीपाशी जीव टांगणीला लावणारा माणूस, रविवारी दिसेल ते जाळत सुटायचा. वैद्य कोणालाच नको होता. वैद्याने मागे राहायचं, दुसऱ्यांच्या जखमा बघायच्या, त्याच्या वाट्याला ना खजिना ना नाव. उरलंसुरलं घ्यायची थोरलीला सवय होती. तिने घेतला.

आणि तिला तो जमला. कोण किती घायाळ आहे, कोण आणखी एक घाव सोसेल, कोणाला आत्ताच सावरायला हवं, हे तिला न विचारता कळायचं. तिच्या हाताखाली कोणी कधी मेलं नाही. नाना बोलायला लागले. आधी रविवारी, मग सोमवारीही. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले, सुईच्या खालचा बारीक स्क्रू त्यांना धरवेना, तेव्हा दुकान तिने घेतलं. काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. लग्नाचं म्हणाल तर एकदा ठरता ठरता राहिलं होतं. पुढे कोणी विषय काढला नाही आणि तिनेही नाही.

धाकटी दुसऱ्या शहरात होती. वर्षाकाठी एकदा यायची, चार दिवस हसवून जायची. यंदा तिची नोकरी सुटली आणि ती सामानसुमानासकट आली. थोडे दिवस, ती म्हणाली. थोरलीने तिच्यासाठी कपाटातला आपला खालचा खण रिकामा करून दिला.

पहिल्याच रविवारी खेळ चालू असताना धाकटी मागच्या खोलीत डोकावली. मलाही घे की रे नाना, ती म्हणाली. थोरली नानांना जन्मभर ‘तुम्ही’ म्हणत आली होती. धाकटीने ‘तू’ कधी सोडलंच नव्हतं, आणि नानांना ते आवडायचं. तिने तलवार घेतली. विचार न करता उडी मारणारी, पडणारी, उठून पुन्हा उडी मारणारी अशी एक बाई तिने उभी केली आणि नानांचा चेहरा उजळला. थोरलीला नीट आठवत होतं, तो चेहरा तसा उजळावा म्हणून आपण किती रविवार घालवले होते.

मग नाना मंगळवारपासूनच पुढच्या रविवारची तयारी करू लागले. जेवताना मध्येच थांबून राक्षसाचा आवाज काढून बघत. धाकटीने वाढलं तर एक पोळी जास्त खात. दुकानातही तेच झालं. धाकटी काउंटरवर बसू लागली, तिला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायका मशीन न्यायला आल्या की विचारत, ती हसरी कुठे गेली. थोरली मागे बसून शटल साफ करत असायची. बॉबिनभोवती गुंतलेला दोरा ती चिमट्याने काढायची आणि पुढचं हसणं ऐकायची.

सगळ्यात जास्त तिला लागलं ते वेगळंच. धाकटीने तलवार फिरवली की नाना ती कशी फिरली, उजेड पात्यावर कसा सरकला, समोरच्याचा श्वास कसा अडकला, हे सगळं सांगत. थोरलीने धाकटीला मरणाच्या दारातून ओढून आणलं की म्हणत, “थोरलीने बरं केलं. पुढे.”

धाकटीची तलवारवाली मेली, त्या रविवारी खेळ लवकर आटोपला. बेकरीवाला जाताना थोरलीला म्हणाला की मनाला लावून घेऊ नकोस, संपल्या तर संपल्या, तू तरी काय करणार. तिने त्याच्याकडे न बघता फासे गोळा केले. धाकटीने फळीवरचे कप गोळा केले. ती शीळ घालत होती.

दोन दिवस नाना गप्प होते. आई गेल्यानंतरचं ते गप्प बसणं थोरलीने पाहिलेलं होतं, म्हणून ती घाबरली. तिसऱ्या दिवशी धाकटी बाजारात गेलेली असताना नाना खाली आले आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. ती एका जुन्या मशीनचा पट्टा बदलत होती.

“एक होती ना?” नाना म्हणाले.

तिने पट्टा ओढून बघितला. सैल होता. “होती.”

“मला वाटलंच.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

नाना म्हणाले, खेळणाऱ्याचा हात आपण धरायचा नसतो. तू नाही म्हणालीस, म्हणजे नाही. थोरलीला संताप आला. तो नक्की कशाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

“नाना, तुम्ही तिची तलवार अर्धा तास सांगता,” ती म्हणाली. “माझं काम एका वाक्यात उरकता. बरं केलं, पुढे. इतकी वर्षं. बरं केलं, पुढे.”

नानांनी काढून ठेवलेला जुना पट्टा उचलून बघितला. मग म्हणाले, शिवण चांगली उतरली की दोरा दिसत नाही, कापडच दिसतं.

“हे असलं काही नका सांगू मला,” थोरली म्हणाली. “गिऱ्हाइकाला सांगा.”

ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. नानांचे हात मांडीवर थरथरत होते आणि ते एकाने दुसरा धरून ठेवायचा प्रयत्न करत होते. ते खरं आहे, इतकंच म्हणाले. काय खरं आहे ते त्यांनी सांगितलं नाही. उठताना त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला, नेहमी घेत तसाच, आणि वर गेले.

त्याच संध्याकाळी गच्चीवर दोघी बहिणी वाळलेले कपडे काढत होत्या. वारा होता. चादरीची दोन टोकं धाकटीने धरली, दोन थोरलीने, आणि घडी घालायला त्या एकमेकींच्या दिशेने चालू लागल्या. समोरासमोर आल्यावर धाकटी म्हणाली, “तुझ्याकडे एक उरली होती, ताई.”

थोरलीला वाटलं नानांनी सांगितलं. चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण धाकटी म्हणाली की मला कोणी सांगितलं नाही, मी मोजत होते.

“तू मोजतेस?”

“लहानपणापासून,” धाकटी म्हणाली. “तुझ्याकडे किती उरलंय ते बघूनच मी मागायचे. तुझ्या ताटातलं. तुझ्या वाटणीचं पांघरूण. तू आईशी भांडून माझी बाजू घ्यायचीस, तेव्हासुद्धा मला कळायचं, आज हिच्यात एवढंच भांडण शिल्लक आहे. त्याच्या पुढचा खोडसाळपणा मी उद्यावर ठेवायचे.” ती हसली, पण नेहमीसारखी नाही. “पुलावर उडी मारली ती पण मोजूनच मारली. म्हटलं, ताईकडे एक आहे.”

थोरलीने चादरीची टोकं तिच्या हातातून घेतली. विचारायचं होतंस मला, ती म्हणाली. उडी मारायच्या आधी.

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“मग?”

 धाकटीने दोरीवरचा टॉवेल काढला, खांद्यावर टाकला, पुन्हा काढून हातात घेतला. मग तिने विचारलं की तुला माझा एवढा राग येतो का. थोरली हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. ती म्हणाली, “तू आल्यापासून नाना हसतात.”

“मग चांगलं आहे की.”

“चांगलंच आहे,” थोरली म्हणाली. “मी सात वर्षं प्रयत्न केला.”

 खाली कोणीतरी दुकानाचं शटर वाजवलं आणि थोरली कपड्यांचा ढीग तसाच धाकटीच्या हातात देऊन गेली.

पुढच्या रविवारी धाकटीला खेळायला नवं माणूस हवं होतं. ती फळीशी बसली आणि म्हणाली, मी वैद्य घेते. बेकरीवाला म्हणाला, दोन वैद्य कशाला, आपण लढायला निघालोय की दवाखाना उघडायला. मास्तरीणबाई हसल्या. थोरलीला हसू आलं नाही. घरात जे जे होतं ते या मुलीच्या पावलांनी सरकत तिच्याकडे गेलं होतं, आणि हे एक उरलं होतं, कोणालाच नको म्हणून आपल्याकडे आलेलं. तेही तिने बोट दाखवून मागितलं.

“घे,” थोरली म्हणाली. “तेही घे.”

नानांनी दोघींकडे पाहिलं आणि गोष्ट सुरू केली.

तलवारवाली नव्हती, म्हणून पुढे कोणीतरी उभं राहायला हवं होतं. चोर पुढे उभा राहत नाही, जादूगाराचं अंग कागदाचं. थोरलीकडे निदान ढाल होती. त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. धाकटी मागे. आणि धाकटीने वैद्यकीचं असं काही मातेरं केलं की बघवेना. बेकरीवाल्याला खरचटलं, लगेच एक फुंकर. मास्तरीणबाईंचा पाय मुरगळला, त्यांनी तसं म्हटलंही नव्हतं, दुसरी फुंकर. पण प्रत्येक वेळी ती आधी विचारायची, दुखतंय का, कुठे दुखतंय, आणि बेकरीवाला आडदांड गडी असूनही लहान मुलासारखं सविस्तर सांगायचा. थोरलीने आजवर कधी कोणाला विचारलं नव्हतं. तिला कळतच असायचं, मग विचारायचं कशाला. आता बेकरीवाल्याचा तो सुखावलेला चेहरा तिला दिसत होता. खरंच, मी कधी विचारलं नाही, तिला वाटलं, आणि लगेच हेही वाटलं, की विचारणं सोपं असतं, तीन फुंकरी लढाई संपेपर्यंत पुरवणं कठीण असतं.

दगडी राखणदार पुन्हा आला. त्याचा हात थोरलीच्या ढालीवर पडला, ढाल फुटली, आणि नाना म्हणाले, “पडलीस तू.”

तिला पडायची सवय नव्हती. पडल्यावर काय करायचं तेही क्षणभर आठवेना. मास्तरीणबाईंनी फासा तिच्या हातात दिला. आकडा लहान आला. एक पायरी.

धाकटीकडे एकच फुंकर होती. थोरली म्हणाली, “माझ्यावर घालवू नकोस. तो अजून उभा आहे. बेकरीवाल्याला लागेल, त्याच्याकडे विस्तव आहे, तो टिकायला हवा.” हे शहाणपणाचं होतं आणि सगळ्यांना ते पटलं. धाकटीच्या जागी थोरली असती तर तिने तेच केलं असतं.

“मी तुला विचारत नाहीये,” धाकटी म्हणाली. मग नानांकडे वळली. “मी ताईपाशी बसते. नाना, मी फुंकर घालते.”

थोरली वाट बघत होती, नाना म्हणतील, बरं केलं, पुढे.

नाना म्हणाले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. “ती तिच्यापाशी बसते,” ते म्हणाले. “घाई करत नाही. आधी पाणी कोमट आहे का ते स्वतःच्या मनगटावर बघते. मग हात हातात घेते. करंगळीपासून सुरू करते, कारण करंगळी सगळ्यात कमी दुखते आणि हाताला भरवसा येतो. एकेक बोट मुळाशी धरून टोकापर्यंत ओढते. ज्या सांध्याशी अडतं तिथे थांबते. दुखतंय का म्हणून विचारत नाही. चेहऱ्याकडे बघते, आणि चेहरा आक्रसला की मागे येते, पुन्हा जाते. अंगठा शेवटी. तळवा उलटा करून मधोमध आपला अंगठा दाबून धरते, थरथर थांबेपर्यंत. थांबते ती. थोडा वेळच थांबते, पण तेवढ्यात माणूस कप उचलून एक घोट घेऊ शकतो. मग ती दुसरा हात मागते.”

ते बराच वेळ बोलत होते. तलवारीबद्दलही ते इतकं कधी बोलले नव्हते. बेकरीवाला हनुवटी हातावर टेकून ऐकत राहिला. मास्तरीणबाईंनी चष्मा काढला.

धाकटी म्हणाली, बाप रे, माझ्या वैद्याला एवढं येतं का.

थोरली फळीकडे बघत होती. रोज पहाटे, धाकटी अजून झोपलेली असताना, ती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी नानांना बसवायची आणि त्यांच्या हातांना हेच सगळं करायची. डॉक्टरांनी चार गोष्टी दाखवल्या होत्या, बाकीचं तिचं तिने शोधलं होतं. त्या वेळी दोघं बोलत नसत. नाना खिडकीबाहेर बघत बसायचे. तिला वाटायचं, यांचं लक्ष नसतं.

आणि आता ते सगळं त्यांनी दिलं होतं ते धाकटीच्या वैद्याला. शब्दन् शब्द थोरलीचा होता आणि नाव धाकटीचं. तिला कळेना, रडावं की उठून जावं. मत्सर तर होताच, ओळखीचा, पण आज त्याला धड कुठे बसायला जागा मिळत नव्हती. कारण त्या गोष्टीत जिचा हात हातात घेतला होता, तीही थोरलीच होती.

“थोरली,” नाना डोळे उघडून म्हणाले, “उठता येईल तुला आता. उठतेस?”

“उठते,” ती म्हणाली.

लढाई ते हरले. फुंकर उरली नव्हती, बेकरीवाला पडला, आणि सगळ्यांना पूल सोडून मागे पळावं लागलं. थोरलीने आधीच सांगितलं होतं तसंच झालं. तिने ते कोणाला ऐकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला भांड्याच्या आवाजाने जाग आली. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारात आली तर नाना ओट्यापाशी बसलेले, पुढ्यात धाकटी, जमिनीवर वाडगा. नानाने काल सांगितलं ना, ते खरंच होतं का ते करून बघतेय, धाकटी मान वर न करता म्हणाली. पाणी जास्त गरम होतं, वाफ दिसत होती. तिने नानांचा उजवा हात घेतला होता आणि अंगठ्यापासून सुरू केलं होतं. नानांच्या कपाळावर आठी उमटली. ते काही बोलले नाहीत. धाकटीच्या डोक्यावरून त्यांनी दाराकडे पाहिलं.

थोरली पुढे झाली नाही. पदर खोचायला तिचा हात कमरेशी गेला होता, तो तिने खाली घेतला.

“दुखतंय का रे?” धाकटीने विचारलं.

“थोडं,” नाना म्हणाले.

थोरलीच्या आत्ता लक्षात आलं की इतक्या वर्षांत हा शब्द त्यांनी तिच्यापाशी कधी उच्चारला नव्हता. तिने कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यांना सांगावं लागलं नव्हतं. यातलं कोणतं बरं, ते तिला ठरवता येईना.

“पाणी निवू दे,” ती म्हणाली. “आणि करंगळीपासून घे.”

धाकटीने मान वर केली. तिने आधी बहिणीकडे पाहिलं, मग नानांच्या हाताकडे, मग पुन्हा बहिणीकडे. तिला कळलं. ती उठू लागली, पण थोरलीने मानेनेच राहू दे म्हटलं आणि जिना उतरून खाली गेली.

दुकानात अजून उजाडलं नव्हतं. तिने शटर वर केलं, दिवा लावला आणि काल राहिलेली मशीन पुढ्यात घेतली. सुईखालचा स्क्रू बारीक होता. रोज या वेळी तिची बोटं कोमट पाण्याने मऊ पडलेली असत, स्क्रू-ड्रायव्हर दोनतीनदा निसटायचा आणि मग ती हात पुसून पुन्हा बसायची. आज हात कोरडे होते. स्क्रू पहिल्याच खेपेला धरला.

तरी तिने दोन्ही हात फडक्याला पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि मग स्क्रू फिरवला.